टाकी भरल्याचा निरोप

बसा. मधल्या खोलीत, जमिनीवर बसलात तर उत्तम. पंखा बंद करा. जबलपूर जिल्ह्यातल्या शहपुऱ्यात दिवाळीनंतर संध्याकाळी पंख्याची तशीही गरज नसते. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि थोडा वेळ फक्त घराचे आवाज ऐका.

अंगणातली मोटर चालू आहे. तिचा एकसुरी गुंजारव भिंतीतून पायांपर्यंत येतो. गच्चीवरच्या टाकीत पाणी पडतंय. आधी खोल, पोकळ आवाज येतो, मग तो हळूहळू भरीव होत जातो. दूर भिटौनी स्टेशनाकडून एखादी मालगाडी जाते. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होते. हे सगळं कानांना कळतं. आज मात्र मन लावायचं आहे ते कानांना न कळणाऱ्या बोलण्याकडे.

याच खोलीत या क्षणी बरंच काही बोललं जातंय. फाटकाचा दिवा, दारावरचं चुंबक, तापमान मोजणारी डबी आणि टाकीच्या झाकणाखाली टांगलेलं पाण्याची पातळी मोजणारं यंत्र. सगळं बोलणं एकाच पेटीकडे जातं. ती तुमच्या उजव्या हाताला, कपाटाजवळ आहे. तिच्याकडे बघू नका, फक्त ती तिथे आहे एवढं ध्यानात असू द्या.

आता मनाने गच्चीवर जा.

झाकणाखालचं ते यंत्र दोन पेन्सिल सेलांवर चालतं, म्हणून ते बहुतेक वेळ झोपलेलं असतं. पाणी चार बोटं चढलं की जागं होतं. जागं होताच बोलत नाही, आधी ऐकतं. हवेत दुसरं कुणी बोलतंय का ते तपासतं. बोलत असेल तर थोडं थांबतं. किती थांबायचं ते दर वेळी चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं, म्हणजे दोघं एकदम थांबून पुन्हा एकदम बोलायला लागत नाहीत. या थांबण्याचं सर्वांत लहान माप ३२० मायक्रोसेकंद. ही शिस्त मला आमच्या घरच्या जेवणाच्या पंगतीत कधी दिसलेली नाही, पण ते असो. हवा मोकळी दिसली की यंत्र आपला निरोप सोडतं. निरोप फार तर १२७ अक्षर-खुणांचा, म्हणजे १२७ बाइटचा, आणि संपायला लागतात सुमारे चार मिलिसेकंद. त्यामागचं बळ दोन-तीन मिलिवॅट. देवघरात लावतो तो झिरोचा बल्बसुद्धा याच्या काही हजार पट ताकद खातो.

इथे एक श्वास घ्या. एवढ्याशा बळावर तो निरोप निघाला आहे.

बोलून झालं की यंत्र पुन्हा ऐकतं. लहानपणी गोष्ट सांगताना आजी म्हणायची, हुंकार दे रे, नाहीतर मी कुणाला सांगतेय? हुंकार आला नाही की ती थांबायची आणि मागचं वाक्य पुन्हा म्हणायची. या यंत्रालाही हुंकार लागतो. पलीकडून ‘पोचलं’ अशी इवलीशी खूण आली नाही तर ते तेच पुन्हा सांगतं, साधारणपणे आणखी तीन वेळा. तेवढ्यानेही हुंकार आला नाही तर निरोप सोडून देतं आणि झोपी जातं. रागावत नाही, तक्रार करत नाही. आपल्याला मात्र कळत नाही की कुणी चार वेळा हाक मारून गप्प झालं.

हे मला कळायला एक पावसाळा आणि अर्धा हिवाळा लागला.

झालं असं. टाकी भरली की मोटर आपोआप बंद व्हावी म्हणून हा सगळा खटाटोप केला होता. टाकी अर्धी असेपर्यंत आकडे नेमके यायचे, पाऊण झाली तरी यायचे. आणि नेमकी भरली की यंत्र गप्प. मोटर चालूच. गच्चीवरून पाणी वाहायचं, मागच्या भिंतीवर ओघळ उतरायचे, शेजारचे काका कुंपणावरून ओरडायचे, “अहो, तुमची टाकी वाहतेय!” त्यांचा निरोप न चुकता पोचायचा. मी सेल बदलले, यंत्र बदललं, पेटी बदलली. रिकाम्या टाकीवर दुपारी तपासलं की सगळं ठीक. मग पुन्हा संध्याकाळी ओघळ.

तुम्ही आता डोळे मिटून ती वाट बघा. यंत्र झाकणाखाली लटकतंय. तिथून पेटीकडे यायची वाट तिरकी आहे, टाकीच्या पोटातून, तिच्या प्लास्टिकच्या कुशीतून बाहेर आणि मग स्लॅबमधून खाली. टाकी रिकामी असताना त्या वाटेवर हवा असते. प्लास्टिकला ही लहर जुमानत नाही. पाणी चढतं तशी वाट खालून भरत येते. २.४ गिगाहर्ट्झची लहर पाण्यात काही सेंटीमीटरांतच विझते. मायक्रोवेव्ह भट्टी जवळपास याच लहरीने डाळ गरम करते, ती डाळीतल्या पाण्यामुळेच. म्हणजे टाकी भरल्याचा निरोप टाकीतल्या पाण्यानेच अडवला होता. बातमी जितकी खरी होत जाई तितकी तिची वाट बंद होत जाई.

या वाक्यापाशी थोडं थांबलात तरी चालेल. मी थांबलो होतो, ओल्या गच्चीवर, हातात टॉर्च घेऊन.

आता अंतराकडे वळू. आवाज लांब पोचत नाही म्हटलं की आपला पहिला हात जातो तो मोठ्याने बोलण्याकडे. दांडगं यंत्र. मीही आणलं. पेटीचा आवाज वाढला, तो गच्चीपर्यंत पोचला, पण दोन सेलांवरचं यंत्र बोलणार ते आपल्या जुन्याच कुजबुजीत. सांगणाऱ्याला ओरडता येत नसेल तर हुंकार देणाऱ्याने ओरडून उपयोग काय? उघड्यावर अंतर दुप्पट झालं की पोचणारं बळ चौथाई उरतं. भिंतींचा हिशेब वेगळाच. शेवटी कानापर्यंत येतं ते एका मिलिवॅटचा अब्जावा भाग इतपत, आणि एवढ्यावरही चांगली पेटी शब्द ओळखते. नवल वाटावं ते या ऐकण्याचं.

भिंतींवरून मनाचा हात फिरवा. घराचा पुढचा भाग नवा, विटांचा. मागचा भाग जुना, मातीच्या दीड-दोन फुटी भिंतींचा, वर खपरे. उन्हाळ्यात त्या भिंती गार, हिवाळ्यात उबदार. मात्र चार महिन्यांच्या पावसात त्या पाणी पितात, आणि मे महिन्यात जो निरोप सहज पार होतो तो ऑगस्टमध्ये अडतो. लोखंडी कपाट हात लावून बघा. ते तर सरळ पाठ फिरवतं. आरसा, पाण्याचं पिंप, फ्रिज हेही तसेच. आणि भिंतीतल्या बटणांच्या बोर्डामागची लोखंडी पेटी विसरू नका. आपल्याकडचे वायरमन ती हौसेने बसवतात. तिच्या पोटात बिनतारी बटण बसवणं म्हणजे माणसाला डब्यात घालून त्याला गप्पा मारायला सांगणं. जमेल तिथे मी प्लास्टिकची पेटी बसवून घेतली.

जगदीशचंद्र बोसांनी १८९५ साली कोलकात्यात तारेवाचून, भिंतींपलीकडून घंटा वाजवून दाखवली होती. त्यांची लहर काही मिलिमीटरांची. आपल्या घरातली २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटीमीटरांची, म्हणजे अर्ध्या वितीहून थोडी जास्त. भारतात २००५पासून परवान्याशिवाय वापरता येते ती ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासची लहर जवळपास दीड वितीची. ही लांब लहर भिंतीतून अधिक सहज पार होते. नवीन घर मांडणाऱ्याने तिचा विचार जरूर करावा. माझा पसारा आधीच मांडून झाला होता.

आपली वीत उघडा, बघा. अंगठ्यापासून करंगळीपर्यंतच्या अंतराच्या निम्म्याहून थोड्या जास्त जागेत एक पूर्ण लहर मावते. म्हणूनच खोलीत काही जागा अशा असतात की भिंतीवरून परतलेली लहर आणि सरळ आलेली लहर एकमेकींना खोडतात. तिथे ठेवलेलं यंत्र बहिरं. तेच दोन बोटं सरकवलं की ऐकू येतं. यंत्र फेकून देण्याआधी दोन बोटं सरकवा. हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे आणि कुणी करत नाही.

गर्दीचं थोडक्यात सांगतो. वाय-फाय सहसा १, ६ आणि ११ या तीन पट्ट्यांवर मोठ्याने बोलतं. झिगबी नावाच्या पद्धतीने बोलणारी आपली ही यंत्रं त्याच मैदानात, सोळा बारीक पट्ट्यांपैकी एकीवर कुजबुजतात. त्यांतल्या १५, २० आणि २५ या पट्ट्या वाय-फायच्या फटींत पडतात. तिथे बसावं. आणि संगणकाच्या निळ्या यूएसबी खाचेला चिकटवलेलं काडीसारखं रेडिओ-यंत्र मीटरभर वायरीने दूर न्यावं, कारण त्या खाचेचा स्वतःचा गलका याच पट्ट्यांत असतो. एवढं पुरे.

आता परत घरात या. रात्रीचे दहा वाजलेत असं समजा. आई उठते.

आई रोज दहाला घरभर फिरून सगळी बटणं बंद करते. जिन्याचा दिवा, ओट्यावरचा, टीव्हीमागचं, कूलरचं, मोकळ्या खोलीतलं. “रात्रभर कशाला जळत ठेवायचं?” चाळीस वर्षांचा हा रिवाज. आणि बिनतारी जाळं चालतं ते विजेवर सतत जागणाऱ्या यंत्रांच्या जोरावर. सेलावरची झोपाळू यंत्रं दूरचं ऐकत नाहीत. ती जवळच्या एखाद्या जागत्या दिव्याला किंवा प्लगला आपला निरोप देतात, तो पुढच्याला देतो, पुढचा पेटीला. आई प्रत्येक बटणासरशी या साखळीतला एकेक निरोप्या निजवत होती. काही यंत्रं नवा शेजारी शोधून घेतात. काही मात्र जुन्या शेजाऱ्याच्याच दारात सकाळपर्यंत उभी. मी आधी चिडलो, मग बटणांवर चिकटपट्ट्या लावल्या. आईने त्या सोलल्या.

तिच्याबरोबर मनाने ती फेरी पुरी करा. शेवटी ती कुठे येते? देवघरापाशी. तिथला झिरोचा बल्ब ती कधीच बंद करत नाही. बाहेरगावी जातानाही नाही. घरातली ती एकमेव जागा, जिथली वीज चाळीस वर्षांत कुणी मुद्दाम घालवलेली नाही. देवघर घराच्या मधोमध आहे, शेजारी लाकडी दार, लोखंड नाही, जिना तिथूनच वर जातो. मी देवघराच्या खाचेत जागता प्लग बसवला. दुसरा जिन्याच्या डोक्यावरच्या खोलीत, टाकीच्या झाकणाच्या उंचीला, वायरमनकडून बटणाशिवाय जोडून घेतला. आता निरोप पाण्याच्या वरून आडवा जातो, जिन्यातून उतरतो, देवापाशी थांबतो आणि पेटीकडे जातो. आईने विचारलं, “देवापाशी हे काय लावलंस?” मी म्हटलं, निरोप्या आहे. तिने त्यालाही हळदीकुंकू लावलं. बिघडलेलं काही नाही.

एकाने दुसऱ्याकडे पोचवण्याची ही रीत गावाबाहेरही होती, जरा फिरून येऊ. जबलपूर-नरसिंगपूरच्या या काळ्या जमिनीत ‘हवेली’ नावाची शेतीची जुनी रीत होती. आता पुष्कळ कमी झाली आहे. उंच बांधांच्या शेतांत पावसाळाभर पाणी कोंडून ठेवायचं आणि रब्बीच्या पेरणीआधी सोडायचं. पण एकट्याने सोडून चालत नाही. माझ्या शेतातलं पाणी तुमच्या शेतातून जाणार, तुमचं त्याच्या. खालच्याची तयारी नसेल तर वरच्याने बांध फोडायचा नाही. पाणी ओसरलं की गहू, हरभरा, आणि आता मुख्यतः मटार, ज्याच्यासाठी जबलपूर ओळखलं जातं. त्या बांधांवर उभे राहा आणि पाणी एका शेतातून दुसऱ्यात सरकताना बघा, एका दमात नदीपर्यंत धावण्याची घाई नसलेलं. जबलपुरात, तिकडे छावणीत, लष्कराच्या सिग्नल्स दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. रिज रोडवर दूरसंचाराचं शिक्षण देणारी संस्था आहे. निरोप पोचवण्याची विद्या या जिल्ह्यात अशी तीन ठिकाणी शिकवली जाते असं मी गमतीने म्हणतो. बांधावरची सर्वांत जुनी.

परत खोलीत या. मोटर अजून चालू आहे.

एक गोष्ट उरली. जिन्यातला निरोप्या बसला, देवघरातला बसला, तरी कधीतरी हुंकार चुकणारच. वीज चाचरेल, गच्चीवर ओल्या चादरी वाळत पडतील, सेल दमेल. तेव्हा मोटरने काय समजायचं? पूर्वी मी तिला सांगितलं होतं, ‘भरली’ असं कळलं की थांब. न कळल्यास ती चालतच राहणार. ‘भरली’ ऐकलं की थांबायचंच, पण आता उलटही सांगितलंय. यंत्राने दर चार बोटांना ‘अजून भरायची आहे’ असं कळवत राहायचं. पाच मिनिटांत असं काही ऐकू आलं नाही की मोटरच्या बटणाने आपणहून थांबायचं, पेटीलाही न विचारता. शांततेचा अर्थ मी बदलला, बाकी यंत्रं तीच.

यामुळे कधी टाकी पाऊणच भरते. आई कुरकुरते. मी उठून पुन्हा बटण दाबतो.

मराठीत निरोप म्हणजे बातमीही आणि निघताना घेतलेली रजाही. आता तुम्ही ऐका फक्त. पाण्याचा आवाज भरीव झालाय, जवळ आलाय. झाकणाखाली कुणीतरी जागं होतंय, आधी ऐकतंय, थांबतंय. जिन्यात कुणीतरी ते घेतंय. देवघरातला प्लग, कुंकवाच्या बोटासकट, ते पुढे देतोय. एक, दोन श्वास.

मोटर थांबली. गच्चीवरून शेवटचे काही थेंब पडताहेत, आत, टाकीतच.