पौरजन

कीर्तनात रामाच्या वनवासाचं आख्यान लागलं की एक शब्द हमखास कानावर येतो, पौरजन. रामाच्या रथामागे तमसेच्या काठापर्यंत गेलेली, तिथे थकून झोपी गेलेली अयोध्येची माणसं. पुरात, म्हणजे नगरात, राहतो तो पौर. घर कुणाच्या नावावर आहे, वाडवडील कुठले, हे हा शब्द विचारतच नाही. आता तो बोलण्यातून गेला. शहरात उरले मतदार, करदाते आणि ग्राहक.

शहरात राहणाऱ्याकडून जुन्या काळी काय अपेक्षा होती, ते कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सापडतं. तिथे ‘नागरिक’ हा नगराची व्यवस्था पाहणारा अधिकारी आहे. ‘पण’ म्हणजे त्या काळचं नाणं; रस्त्यावर केर टाकला तर अष्टमांश पण दंड, चिखलपाणी करून वाट अडवली तर पाव पण. आगीसाठी घरोघरी पाण्याचे घडे, शिडी, कुऱ्हाड ठेवायची. आणि आग लागलेली दिसूनही जो धावला नाही, त्या घरमालकाला १२ पण दंड, भाडेकऱ्याला ६.

या सहा पणांपाशी मी थबकतो. भाडेकऱ्याच्या मालकीची एक वीटही नाही, उद्या तो गाव सोडून जाईलही. म्हणून दंड निम्मा केला, माफ मात्र केला नाही. आज इथे राहतोस ना, मग आग तुझीही आहे. ज्याच्याकडून धावण्याची अपेक्षा धरली, त्याला आपल्यातलाही मानलं.

आपण काय करतो? पुण्या-ठाण्यात अकरा महिन्यांच्या करारावर राहणारी परिचारिका, विद्यार्थी, नव्या नोकरीतलं जोडपं, यांची नावं जिन्यातल्या पाटीवर येत नाहीत. शेजारी त्यांना ‘तीनशे दोनचे भाडेकरू’ म्हणतात. मग तेही म्हणतात, आम्हाला काय, आम्ही आज आहोत, उद्या नाही. दोन्ही बाजूंनी हात झटकले जातात आणि नळ गळतच राहतो. यात पहिलं पाऊल मालकांनी टाकावं, असं मला मनापासून वाटतं. दार त्यांच्या हातात आहे.

सोसायट्यांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत होतात. मताचा हक्क सभासदाचाच, कायदा तसा आहे. पण पाणी, कचरा, आग विझवायची साधनं, या विषयांपुरतं भाडेकरूंना बोलावून त्यांचं ऐकता येईल. सभेची नोटीस त्यांच्याही दारात द्यावी, आणि जिन्यातलं ते लाल नळकांडं कसं चालवायचं, तेही त्यांना दाखवावं.