भाषेचे ऋण कोणी फेडायचे?

फाळणीनंतर सिंधमधून निघालेली अनेक कुटुंबे नागपूरच्या जरीपटक्यात स्थिरावली. त्यांनी दुकाने थाटली, शिक्षणसंस्था काढल्या, चेटीचंडचा उत्सव शहराच्या वर्षात रुजवला. नागपूरच्या बंगाली वा गुजराती कुटुंबांपेक्षा त्यांची अडचण मात्र वेगळी आहे: त्यांच्या भाषेला भारतात स्वतःचे राज्य नाही. 10 एप्रिल 1967 रोजी 21 व्या घटनादुरुस्तीने सिंधी आठव्या अनुसूचीत आली, तेव्हाही तिच्या पाठीशी एकही विधानसभा नव्हती. मग ती मुलांना शिकवायची, तर शिक्षकाचा पगार कोणी द्यायचा?

या प्रश्नाचे उत्तर अंदाजपत्रकात लिहिले जाते, पण त्याचे मूळ धर्मविचारात आहे. शतपथ ब्राह्मणात म्हटले आहे की माणूस जन्मतःच चार ऋणे घेऊन येतो: देवांचे, ऋषींचे, पितरांचे आणि माणसांचे. ऋषिऋण अध्ययनाने फिटते, तर मनुष्यऋण आलेल्याला आसरा आणि अन्न देऊन. भाषेच्या शिक्षणात ही दोन्ही ऋणे एकत्र येतात. पूर्वजांनी घडवलेली बोली मुलांच्या हाती देणे हे घराचे ऋषिऋण. त्या घराला जागा देणाऱ्या गावावर उरते ते मनुष्यऋण, आणि ते नुसत्या निवाऱ्याने फिटते का, हा खरा वादाचा मुद्दा आहे.

ज्याची भाषा त्याने सांभाळावी, असे म्हणणाऱ्यांना विदर्भातच एक भक्कम दाखला सापडेल. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभावांचे तीर्थ. तेराव्या शतकात नागदेवाचार्यांनी केशिराजबासांना संस्कृतात लिहिण्यापासून परावृत्त केले, कारण तसे झाले असते तर पंथातल्या म्हाताऱ्या बायकांना ज्ञान पारखे झाले असते. हाच पंथ पुढे पंजाबात आणि थेट काबूलपर्यंत पोचला. तिकडे त्याला जयकृष्णी म्हणतात. पंजाबी भाविकांनी मराठी पोथ्या पिढ्यान्‌पिढ्या जपल्या, तेही कोणत्याही सरकारी अनुदानाशिवाय.

ही निष्ठा थोर आहे. पण तिने पोथी राखली. बाजारहाट, भांडण, अंगाई हे सारे पंजाबीतच राहिले.

दक्षिण अमेरिकेतल्या पॅटागोनियात हाच अनुभव आला. जुलै 1865 मध्ये ‘मिमोसा’ जहाजातून सुमारे दीडशे वेल्श माणसे तिथे उतरली. प्रार्थनामंदिर आणि रविवारची शाळा यांच्या आधाराने वेल्श तगली, पण सरकारी शाळा स्पॅनिश झाल्यावर मुलांच्या तोंडून ती ओसरू लागली. 1997 पासून वेल्सच्या सरकारी पैशातून तिथे शिक्षक पाठवले जातात. आज ट्रेलेव, गैमान आणि ट्रेवेलिन या गावांत वेल्श-स्पॅनिश शाळा आहेत. मायदेश आणि समाज यांनी भार वाटून घेतला.

यजमान देशाने भार उचलल्याचे उदाहरण मराठी माणसाच्या अधिक जवळचे आहे. जानेवारी 1975 मध्ये नागपुरात पहिले विश्व हिंदी संमेलन भरले, तेव्हा अध्यक्षस्थानी मॉरिशसचे पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम होते. त्यांच्या देशात कोकणातून मजूर म्हणून गेलेल्यांचे वंशज आहेत. बहुतेकांच्या घरात आज क्रिओल बोलली जाते, तरी सरकारी प्राथमिक शाळांत मराठी हा विषय घेता येतो आणि तो शिकवणाऱ्याचा पगार मॉरिशसचे सरकार देते. तिथली मराठी मुले देशाच्या एकूण लोकसंख्येत मूठभरच आहेत. त्यांना तो हक्क नाकारलेला नाही.

भारताच्या राज्यघटनेने हे कर्तव्य 1956 मध्ये सातव्या दुरुस्तीने लिहून ठेवले. अनुच्छेद 350 अ नुसार भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची पुरेशी सोय राज्याने करावी. त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला नागपूर जुन्या मध्य प्रदेशची राजधानी राहिले नाही आणि मुंबई राज्यात आले. सौंसर-पांढुर्ण्याची मराठी माणसे नव्या मध्य प्रदेशात राहिली. त्यांनी घर सोडले नव्हते, गाव सोडले नव्हते. तरी ती अल्पसंख्य झाली. हे कोणाच्याही वाट्याला येऊ शकते, म्हणून या कर्तव्याला उपकार म्हणता येत नाही.

यावर एक प्रामाणिक आक्षेप आहे. मराठी पालकच इंग्रजी माध्यमाकडे वळत असताना आणि मराठी शाळांचे वर्ग ओस पडत असताना सिंधीसाठी पैसा कुठून आणायचा? शिवाय सिंधी पालकांचा ओढाही इंग्रजी-हिंदीकडेच आहे, आणि लिपी अरबी असावी की देवनागरी यावर त्या समाजातच मतभेद आहेत. या अडचणी खऱ्या आहेत. पण मागणी नाही म्हणून वर्ग नाही आणि वर्ग नाही म्हणून मागणी नाही, हे चक्र ज्याच्या हाती साधने आहेत त्यानेच आधी मोडायला हवे. बालभारतीने सिंधीतही पाठ्यपुस्तके काढली आहेत, म्हणजे राज्याने हे तत्त्व मान्य केलेलेच आहे.

आता पुस्तकासोबत शिक्षक हवा. जरीपटक्यातल्या शाळांत सिंधी हा विषय पगारी शिक्षकासह उपलब्ध असावा, पटसंख्या कमी असली तरी काही वर्षे तो बंद होऊ नये, आणि घरी मुलांशी सिंधी बोलण्याचा वाटा समाजाने उचलावा. सौंसरच्या मुलांसाठी महाराष्ट्र जे मागेल, तेच त्याने नागपुरात देऊन दाखवायचे आहे.