शिलोहचा बुरूज आणि गच्चीचा कठडा



यरुशलेममध्ये शिलोह येथे एक बुरूज कोसळला आणि अठरा माणसे त्याखाली मेली. ही बातमी आपल्याला केवळ संत लूकच्या शुभवर्तमानात (अध्याय 13) वाचायला मिळते. बुरूज कोणी बांधला, पाया कच्चा होता की भिंत, हे संत लूक सांगत नाही. लोक आले होते ते पिलाताने ठार केलेल्या गालीलकरांची बातमी घेऊन. बुरुजाची गोष्ट प्रभू येशूने स्वतःहून काढली, कारण त्यांच्या मनातला प्रश्न त्याने ओळखला होता : मेलेल्यांनी असे काय पाप केले असेल? प्रभूने तो प्रश्नच खोडून काढला. ते अठरा जण गावातल्या इतरांपेक्षा अधिक अपराधी नव्हते, असे त्याने सांगितले आणि पश्चात्तापाची मागणी केली ती समोर उभ्या असलेल्या जिवंत माणसांकडे.

27 ऑगस्ट 2025 च्या मध्यरात्री विरार पूर्वेला विजय नगरमधील रमाबाई अपार्टमेंट या चार मजली इमारतीचा मागचा भाग कोसळला. 17 जण गेले. एका घरात वर्षाच्या मुलीचा वाढदिवस नुकताच साजरा झाला होता. ती मुलगीही त्यात गेली. इमारत 2012 सालची, म्हणजे जेमतेम तेरा वर्षांची, आणि अनधिकृत. त्या दिवसांत मिस्सेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर मी जे ऐकले ते सांगतो. “स्वस्तात मिळते म्हणून घेतात, कागद बघत नाहीत, मग दुसरे काय होणार?” बोलणारी माणसे वाईट नव्हती. शिलोहला जमलेली माणसेही वाईट नसतील.

त्याच्या काही महिने आधी, नोव्हेंबर 2024 ते फेब्रुवारी 2025 या काळात, नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरीत 41 इमारती न्यायालयाच्या आदेशाने पाडण्यात आल्या. ती जागा सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव होती. आदेश कायद्याला धरून होता, याबद्दल वाद नाही. पण वर्षानुवर्षे माणसे राहू दिली, वीज-पाणी दिले आणि मग एक दिवस जेसीबी आणला, यात चुकला कोण? सामान बाहेर काढून रस्त्यावर बसलेली बाई की तिला घर विकून मोकळा झालेला माणूस?

या बाबतीत पवित्र शास्त्र अगदी स्पष्ट आहे, आणि ते वाचून मला दरवेळी नवल वाटते. अनुवादाच्या पुस्तकात (22:8) बांधकामाचा चक्क एक नियम दिला आहे. नवे घर बांधाल तर गच्चीला कठडा बांधा. कठडा नसल्यामुळे कोणी पडून मेला तर त्याच्या रक्ताचा दोष घराला लागेल. नीट पाहा. पडणाऱ्याने सांभाळून चालायला हवे होते, असे देव म्हणत नाही. दोष बांधणाऱ्यावर ठेवतो. महापालिकेचे बांधकाम परवाने, भोगवटा प्रमाणपत्र, आराखड्यावरची सही, ही सगळी त्या कठड्याचीच पुढची रूपे आहेत. आपण त्यांना सरकारी कटकट म्हणतो. कटकट असतेही. एका सहीसाठी आठ फेऱ्या मारलेल्या माणसाचा राग मला कळतो. तरी कठडा तो कठडाच.

आता आपल्या घरात येऊ या. एकेकाळी फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसईच्या कार्यकर्त्यांबरोबर आपल्यातले कित्येक जण रस्त्यावर उतरले होते, वाड्या आणि विहिरी वाचवायला. त्याचा आपल्याला अभिमान आहे आणि असावा. पण बावखले बुजवून त्यावर चाळी उभ्या राहिल्या, त्या सगळ्या बाहेरच्यांनी उभ्या केल्या काय? सातबारावर नाव कोणाचे होते? परवानगी एका मजल्याची आणि उभे तीन, वरच्या खोल्या भाड्याने, भाडेकरूशी करार अकरा महिन्यांचा किंवा नुसताच तोंडी. नोटरीच्या कागदावर खोल्या विकल्याचेही माझ्या कानावर आले आहे. “घरपट्टी भरतो, म्हणजे कायदेशीर,” असे मला एकाने सांगितले. तसे नाही. कायदा अनधिकृत बांधकामालाही घरपट्टी लावतो आणि वर शास्तीही घेतो. पावती मिळाली म्हणून खांब मजबूत होत नाही.

हे लिहिताना माझाही हात अडखळला. चर्चच्या मागची पत्र्याची शेड, जिथे आपण लग्नाच्या जेवणावळी करतो, तिची परवानगी मी दप्तरात शोधली. मिळाली नाही. माझ्या आधीच्या फादरांनी घाईत उभारली असेल आणि मी चार वर्षे विचारले नाही. धर्मग्राम परिषदेच्या संमतीने अर्ज आता वास्तुविशारदाकडे दिला आहे. नामंजूर झाला तर शेड उतरवू. पावसाळ्यात पंचाईत होईल, हे ठाऊक आहे.

बुरुजाच्या गोष्टीला लागूनच प्रभूने अंजिराच्या झाडाचा दाखला सांगितला आहे. मालक झाड तोडायला निघतो. माळी म्हणतो, मालक, एक वर्ष थांबा, मी आळे खणतो, खत घालतो. वाडीत वाढलेल्या आपल्या लोकांना आळे खणणे म्हणजे काय ते सांगायला नको. कंबर मोडते. मुळाशी जावे लागते आणि जाताना काय काय वर येईल, याचा नेम नसतो.

ज्यांच्या घरात भाडेकरू राहतात त्यांनी येत्या आठवड्यात एकदा जिन्याचे, गच्चीचे आणि खांबांचे तडे स्वतः पाहून यावे. भाडेकरूला बरोबर घ्यावे. कुठे गळते, हे त्याला जास्त माहीत असते. तडा मोठा असेल तर गिलावा मारून झाकू नये, अभियंत्याला दाखवावा. पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर आपल्या धर्मग्रामातील एक वकील आणि एक अभियंता सभागृहात बसणार आहेत. सातबारा, मंजूर नकाशा, करारनामा, जे असेल ते आणावे. काहीच नसेल तरी यावे. भाडेकरूंनाही निरोप द्यावा, मग ते कोणत्याही धर्माचे असोत. फी नाही. नावे बाहेर जाणार नाहीत. मी शेडचा कागद घेऊन पहिल्या बाकावर बसलेला असेन.

आपला,
प्रमुख धर्मगुरू