जामीनदार नसलेला माणूस

तुरुंगपट पाहून पाहून तुरुंग म्हणजे भिंत हे समीकरण आपल्या मनात पक्कं बसलं आहे. ‘द शॉशँक रिडेम्प्शन’ (1994) मधला बँकेतला सरळमार्गी नोकरदार न केलेल्या खुनासाठी जन्मठेप भोगायला जातो आणि वर्षानुवर्षं खपून कोठडीच्या भिंतीला भोक पाडतो. तो पलीकडे निघतो तेव्हा प्रेक्षकही सुटल्यासारखा श्वास सोडतो. या जातीच्या चित्रपटांचा ऐवज थोड्याफार फरकाने हाच असतो: उंच भिंत, निर्दय अधिकारी, बराकीतली दोस्ती आणि शेवटी एकतर पळून जाणं, नाहीतर खचून जाणं.

आपल्या तुरुंगांतल्या बहुसंख्य माणसांची गोष्ट या साच्यात मावत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार 2022 च्या अखेरीस देशभरच्या कारागृहांत 5,73,220 बंदी होते. त्यांतले 4,34,302, म्हणजे शेकडा 76, न्यायाधीन बंदी होते. बोलीत ज्यांना कच्चे कैदी म्हणतात ते हे. त्यांच्यावरचा गुन्हा शाबीत व्हायचा आहे. यांतल्या कित्येकांना जामीन नाकारला गेला असेल आणि काहींच्या बाबतीत ते योग्यही असेल. पण कोर्टाने जामीन मंजूर केलेला असूनही आतच राहिलेली माणसंही या आकड्यात आहेत. त्यांना भिंत अडवत नाही. त्यांना अडवतो जामीनदार, किंवा त्याचं नसणं.

म्हणून बीड जिल्ह्यातल्या एखाद्या साध्या माणसावर तुरुंगपट काढायचाच झाला, तर कॅमेरा कारागृहाबाहेर न्यावा लागेल. तहसील कचेरीत, वकिलांच्या बाररूममध्ये, साखर कारखान्याच्या तळावरच्या कोपीत. त्याच्या कैदेची खरी कारणं तिथे सापडतात.

कॅमेरा असा बाहेर नेण्याचं धाडस एका चित्रपटाने केलं आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (2014) ला राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. त्यातले लोकशाहीर नारायण कांबळे, म्हणजे वीरा साथीदार, मॅनहोल साफ करणाऱ्या एका कामगाराला गाण्यातून आत्महत्येला प्रवृत्त केल्याच्या आरोपाखाली पकडले जातात. कांबळे आत गेले की चित्रपट त्यांच्यामागे जात नाही. तो बचावाच्या वकिलामागे सुपरमार्केटात जातो, सरकारी वकील बाईंमागे त्यांच्या घरी स्वयंपाकघरात जातो, शेवटी न्यायाधीशांमागे सुट्टीच्या सहलीला जातो. इकडे तारखा पडत राहतात. कोणी दुष्ट नाही, कोणी लाच घेत नाही. प्रत्येकजण आपापलं काम उरकून घरी जातो. कोठडीतला माणूस पडद्यावर क्वचित दिसतो, कारण व्यवस्थेलाही तो तेवढाच दिसतो: बोर्डावरचा एक नंबर, रोजनाम्यातल्या दोन ओळी, पुढची तारीख.

‘कोर्ट’ मुंबईत घडतो. नारायण कांबळेंना निदान जीव तोडून लढणारा वकील आहे. बीडच्या डोंगरपट्ट्यातून ऊसतोडीला गेलेल्या माणसाला तोही धरून चालता येत नाही. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, केज या तालुक्यांतून दिवाळीच्या आगेमागे लाखोंनी माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि सीमेपलीकडे कर्नाटकात तोडीला जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घ्यायची, ती तोडीतून फेडायची, फिटली नाही तर अंगावर घेऊन पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जायचं.

असा एक माणूस कल्पून पाहू. कोल्हापूरकडच्या एखाद्या गावात ऊसवाहतुकीवरून बाचाबाची होते, हाणामारी होते. गुन्हा नोंदतात, त्याला उचलतात. त्याने मारलं की नाही हे खटल्यात ठरेल. काही दिवसांनी जामीन मंजूर होतो: अमुक रकमेचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक लायक जामीनदार, शक्यतो स्थानिक. कागदावर तो आता मोकळा आहे.

आता स्थानिक जामीनदार आणायचा कुठून? त्या गावात त्याला ओळखतात ते मुकादम, स्लिप लिहिणारा आणि ज्याच्या फडात तोड चालू आहे तो शेतकरी. मुकादमाची बाकी त्याच्या अंगावर आहे. कोर्टकचेरीच्या लफड्यात तो कशाला पडेल? शेतकऱ्याला ऊस वेळेत जाण्याशी मतलब. टोळीतले बाकीचे सगळे त्याच्यासारखेच, परगावचे.

मग गावाकडे निरोप जातो. चुलता तयार होतो. पण लायक जामीनदार म्हणजे कागदावर लायक. ताजा सातबारा आणि आठ-अ हवा, मोठी रक्कम असेल तर तहसीलदाराचा ऐपतीचा दाखलाही हवा, त्यासाठी तलाठ्याचा अहवाल हवा. डोंगरपट्ट्यातली जमीन दोन-तीन एकर, तीही खडकाळ, चार भावांच्या सामाईक खात्यात, आणि इतर हक्कांच्या रकान्यात सोसायटीचा बोजा. भावांपैकी दोघे त्याच वेळी दुसऱ्या कारखान्यावर तोडीला गेलेले. एवढं करून चुलता तीन-चारशे किलोमीटर गाडीभाडं घालून पोहोचलाच, तर कारकून कागद चाळून म्हणतो, ‘जमीन दुसऱ्या जिल्ह्यातली आहे, साहेब घेतात का बघा.’ साहेब त्या दिवशी रजेवर असतात.

इकडे कोयता मोडतो. जोडीतला एक आत गेला की दुसऱ्याने एकट्याने तोडायचं कसं? बायको मोळ्या बांधते, वाहते, पण तोडीचा हिशोब जोडीवर असतो आणि उचल दोघांच्या नावावर. दुसऱ्या जोडीला मजूर म्हणून लागली तर मिळेल त्या मजुरीवर पोट भरतं, उचल फिटत नाही. वकिलाची फी, चुलत्याचं भाडं, झेरॉक्स-स्टँप यांसाठी पुन्हा मुकादमापुढेच हात पसरायचा. नवरा सुटून येतो तेव्हा पुढचे एक-दोन हंगाम आधीच विकले गेलेले असतात. उद्या तो निर्दोष सुटला तरी ती बाकी त्याच्याच अंगावर राहते. निकालपत्रात तिचा उल्लेख येत नाही.

हा प्रसंग कल्पित असला तरी कायद्याच्या पुस्तकात त्याचा सख्खा भाऊ आहे. 1978 मध्ये मोतीराम नावाच्या मध्य प्रदेशातल्या एका गरीब गवंड्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आलं. त्याला सोडा असं याच न्यायालयाने आधीच सांगितलं होतं. खालच्या मॅजिस्ट्रेटने मात्र दहा हजारांचा जामीनदार मागितला, आणि भाऊ जामीन राहायला आला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला परत पाठवलं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यावर कोरडे ओढले. एकाच देशातला माणूस केवळ जिल्हा बदलला म्हणून परका कसा ठरतो, असा त्यांचा रोख होता. मोतीरामला हजार रुपयांच्या स्वतःच्या मुचलक्यावर सोडण्यात आलं. पुढच्याच वर्षी बिहारच्या हुसैनारा खातून प्रकरणात वर्षानुवर्षं खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांचा प्रश्न देशापुढे आला.

त्यानंतर कायदा सुधारत गेला हे मान्य केलं पाहिजे. जामीनपात्र गुन्ह्यात अटकेनंतर आठवडाभरात जामीनदार देता आला नाही, तर तो माणूस निर्धन आहे असं समजून त्याला मुचलक्यावर सोडावं, ही तरतूद 2005 च्या दुरुस्तीने आली. 31 जानेवारी 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका झाली नाही तर कारागृहाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं. स्थानिक जामीनदाराच्या हट्टाने सुटका लांबत असेल तर ती अट घालू नये, असंही त्याच आदेशात सुचवलं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 प्रमाणे, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळता, पहिल्यांदाच आरोपी झालेल्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला बंधपत्रावर सोडायचं आहे. बंधपत्र म्हणजे जामीनदाराविना, हे त्याच संहितेच्या व्याख्येत आहे. गरीब बंद्यांच्या जामिनाची रक्कम भरण्यासाठी 2023 पासून केंद्राची योजनाही आहे.

तरीही सवय सुटत नाही. त्याचं कारण न्यायाधीशांच्या कठोरपणात शोधणं सोपं आहे, पण ते अन्यायाचं होईल. तालुक्याच्या न्यायाधीशाच्या जागी बसून पाहावं. परजिल्ह्यातला आरोपी मुचलक्यावर सुटला आणि तारखेला आलाच नाही, तर वॉरंट काढा, पोलिसांना पाठवा, खटला वर्षानुवर्षं पडून राहतो आणि प्रलंबित खटल्यांचा हिशोब त्यालाच द्यावा लागतो. उलट, जामीनदार न मिळाल्याने आरोपी आतच राहिला तर तो फरार होण्याची भीती नसते आणि कोणी जाब विचारत नाही. चुकून सोडलेला माणूस दिसतो, चुकून डांबलेला दिसत नाही. व्यवस्था जिथे दिसणाऱ्या चुकीलाच शिक्षा करते, तिथे तिच्यातली माणसं न दिसणारी चूक करत राहणार.

बीडच्या वाचकाच्या मनात या जागी एक आक्षेप उभा राहिला असेल, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. 9 डिसेंबर 2024 रोजी मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची अपहरण करून हत्या झाली. तेव्हापासून बीडचं कारागृह बातम्यांत आहे. या खटल्यातल्या आरोपींना आत खास वागणूक मिळते, अशा तक्रारी झाल्या. जिल्ह्याने दहशत पाहिली आहे. इथल्या माणसाला विचारलं तर तो म्हणेल, आमचं दुखणं आरोपी सुटत नाहीत हे नाही, सुटतात हे आहे.

हा राग खरा आहे, आणि नीट पाहिलं तर तो माझ्याच बाजूचा साक्षीदार आहे. ज्याच्यापासून लोकांना धोका आहे, साक्षीदार फोडण्याची ज्याची ताकद आहे, त्याला जामीन नाकारण्याचे अधिकार न्यायालयाकडे आहेत आणि ते वापरले गेलेच पाहिजेत. पण एकदा जामीन द्यायचं ठरलं की पुढची चाळणी सातबाऱ्याची असते, आणि ती धोका मोजत नाही, जमीन मोजते. ज्याच्याकडे माणसं आणि मालमत्ता आहे त्याच्यासाठी जामीनदारांची रांग लागते. तेही जमलं नाही तर कोर्टाच्या आवारात खोट्या कागदांवर जामीन राहणारे मिळतात, आणि अशा टोळ्या वेळोवेळी पकडल्या गेल्या आहेत. अडकतो तो ऊसतोड्या, पारधी वस्तीवरचा माणूस, परगावचा गवंडी. त्याच्यापासून समाजाला धोका सगळ्यांत कमी, आणि पळून जायला त्याच्याकडे जागाही नाही. अशी चाळणी दांडग्याला आवरत नाही, दुबळ्याला मात्र हमखास अडवते.

मग जमिनीशिवाय खात्री कशी करायची? त्यासाठी ‘दो आँखें बारह हाथ’ (1957) कडे वळायला हवं. व्ही. शांताराम यांच्या या चित्रपटाची कथा ग. दि. माडगूळकरांची, आणि तिला आधार होता एका खऱ्या प्रयोगाचा. औंध संस्थानात 1939 च्या सुमारास, राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या पाठिंब्याने आणि मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची वसाहत उभी राहिली. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या माणसांना तिथे भिंतीशिवाय, शेती करत ठेवण्यात आलं. चित्रपट पाहून आपण कैद्यांना असंच मोकळं ठेवणाऱ्या जेलरच्या मोठ्या मनाला दाद देतो. मला त्यातलं मर्म व्यवहाराचं वाटतं. माणूस पळून जाणार नाही याची खात्री कशाने होते, या प्रश्नाला स्वतंत्रपूरने उत्तर दिलं: कामाने, नात्याने आणि दिलेल्या शब्दाने. त्याच वाटेवर पुढे महाराष्ट्रात खुली कारागृहं आली. बीडच्या शेजारी पैठणला त्यांतलं एक आहे. तिथेही शिक्षा भोगणारे बंदी शेतात राबतात.

पण खुल्या कारागृहासाठी निवड होते ती शिक्षा झालेल्यांतून. म्हणजे खुनात दोषी ठरलेल्या माणसावर, त्याची चांगली वागणूक पाहून, सरकार कुंपणाविना विश्वास टाकू शकतं. आणि हाणामारीचा नुसता आरोप असलेला ऊसतोड्या पुढच्या तारखेला येईल, यावर मात्र कोणाची तरी जमीन गहाण पडल्याशिवाय विश्वास बसत नाही. भरवसा मिळवायचा तर आधी दोषी ठरायला हवं, असा हा उफराटा न्याय झाला.

यावर उपाय नव्या कायद्यात नाही, खात्रीचं माप बदलण्यात आहे. तोडीला गेलेल्या माणसाची मुळं सातबाऱ्यावर दिसत नसली तरी ती पक्की असतात. गावाकडे म्हातारे आईबाप, आश्रमशाळेत किंवा हंगामी वसतिगृहात ठेवलेली मुलं, दर पावसाळ्यात परत येणं, आणि मुकादमाच्या वहीतलं नाव. उचल अंगावर असलेला माणूस सहसा पळून जात नाही, या भरवशावर तर मुकादम जमीन तारण न घेता पैसे देतो. सावकारी व्यवहाराला जी ओळख पुरते ती न्यायव्यवहाराला का पुरू नये? लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाच्या योजनेत कामगारांना ओळखपत्रं दिली जातात. ते ओळखपत्र आणि गावच्या पोलीस पाटलाचा किंवा ग्रामसेवकाचा दाखला एवढ्यावर मुचलका स्वीकारायची प्रथा पाडता येईल. गाळपाच्या हंगामात कारखान्याच्या पट्ट्यातल्या विधी सेवा प्राधिकरणाने बीडच्या प्राधिकरणाशी फोनवर बोलून गावाकडची खातरजमा करून घेतली, तर चुलत्याची पायपीट वाचेल. सात दिवसांत न सुटलेल्यांची यादी दर महिन्याला न्यायाधीशांपुढे ठेवली, तर न दिसणारी चूक दिसू लागेल.

अशा प्रकारे सुटलेल्यांतले काही तारखेला येणार नाहीत. तो धोका आहे आणि तो पत्करायला हवा, कारण आज त्याची किंमत ज्यांना खटल्याआधीच शिक्षा भोगावी लागते ते एकटे मोजत आहेत. तुरुंगपट पाहताना आपण नायकाच्या सुटकेची वाट पाहतो. आपल्या तुरुंगांतल्या या माणसांना सुटकेचा आदेश आधीच मिळालेला आहे. त्याची अंमलबजावणी त्यांच्या जमिनीवरून ठरवणं थांबवायचं, एवढंच न्यायालयांच्या आणि सरकारच्या हातात आहे, आणि त्यासाठी लागणारा कायदा पुस्तकात तयार आहे.