शरणागताचे घर

चेन्नईच्या उत्तरेस सुमारे ४५ किलोमीटरवर, आंध्र प्रदेशाच्या सीमेजवळ, तिरुवळ्ळूर जिल्ह्यातील गुम्मिडिपूंडी हे गाव उपनगरी रेल्वे, कोलकात्याकडे जाणारा महामार्ग आणि ‘सिपकॉट’ या राज्य महामंडळाची औद्योगिक वसाहत यांमुळे परिचित आहे. याच गावात, श्रीलंकेतील यादवी युद्धातून जीव वाचवून आलेल्या तमिळ कुटुंबांची एक मोठी छावणी १९९०च्या सुमारापासून आहे. जीवित, मालमत्ता आणि सुरक्षितता या तिन्ही गोष्टी माणसाला वेगवेगळ्या करून देता येतात काय, आणि शरण आलेल्याला प्राणांचे अभय देणारा त्याला ‘हे माझे’ असे म्हणता येईल असे काही देण्यासही बांधलेला असतो काय, हा प्रश्न या छावणीच्या अस्तित्वातूनच उभा राहतो. आणि तो केवळ प्रशासनाचा नसून धर्मविचाराचाही आहे.

१९८३पासून तीन लाखांहून अधिक निर्वासित तमिळनाडूत आले, त्यांपैकी अनेक परतले किंवा अन्यत्र गेले, आणि सुमारे ५८ हजार लोक शंभराहून अधिक छावण्यांत राहिले. या छावण्यांतील जुनी घरे बहुधा दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद अशा एका खोलीची. मुले मोठी झाली, लग्ने झाली, तसा त्या खोलीला पुढे पत्र्याचा किंवा ताडपत्रीचा आडोसा जोडला गेला आणि चूल त्या आडोशाला सरकली. दिवसभर रंगकाम किंवा मजुरी करून आणलेल्या पैशातून तो आडोसा उभा राहतो, परंतु तो गहाण ठेवता येत नाही, विकता येत नाही आणि मुलाच्या नावावर करता येत नाही, कारण जमीन सरकारची आणि राहणारा परकीय. परकीय चलनविषयक नियमांनुसार श्रीलंकेच्या नागरिकाला रिझर्व्ह बँकेच्या परवानगीवाचून भारतात स्थावर मालमत्ता घेता येत नाही. पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा एवढीच मोकळीक आहे. ऑगस्ट २०२१मध्ये मुख्यमंत्री एम. के. स्टॅलिन यांनी विधानसभेत ३१७ कोटी रुपयांची योजना जाहीर केली, मोडकळीस आलेली साडेसात हजारांच्या आसपास घरे नव्याने बांधण्याचे ठरवले आणि या वस्त्यांना यापुढे निर्वासित छावण्या न म्हणता पुनर्वसन छावण्या म्हणावे, असे सांगितले. हे पाऊल मनापासून स्वागतार्ह आहे, कारण गळक्या छपराखाली तीस पावसाळे काढलेल्यांना पक्के छप्पर मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. मात्र घर पक्के झाले तरी राहणाऱ्याचा त्यावरील हक्क पक्का झाला नाही.

भारतीय परंपरेत शरणागताचा विचार ज्या प्रसंगाभोवती सर्वाधिक झाला तो वाल्मीकींच्या युद्धकांडातील विभीषणाचा प्रसंग होय. समुद्र ओलांडून लंकेहून आलेल्या विभीषणाविषयी सुग्रीवाने घेतलेली शंका आजच्या सुरक्षा यंत्रणांच्या शंकेहून वेगळी नाही: हा शत्रूचा भाऊ आहे, हेर असू शकेल, संकटात स्वतःच्या भावाला सोडणारा उद्या आपल्यालाही सोडील. रामाने ही शंका मूर्खपणाची ठरवली नाही. शरण आलेला सदोष असला तरी त्याला टाकता येत नाही, असे उत्तर त्याने दिले आणि आपल्याच पत्नीला पकडणाऱ्या पारध्याला आश्रय देऊन स्वतःचे मांस देणाऱ्या कपोताची कथा सांगितली. कांचीपुरमशी जन्माने निगडित असलेले वैष्णव आचार्य वेदान्तदेशिक यांनी याच प्रसंगावर ‘अभयप्रदानसारम्’ हा ग्रंथ रचला, यावरून तमिळ प्रदेशाच्या धर्मजीवनात या प्रसंगाचे स्थान लक्षात येते. मात्र प्रवचनांत बहुधा मागे पडणारा एक तपशील येथे महत्त्वाचा आहे. अभय दिल्यानंतर राम थांबत नाही. लंका अद्याप जिंकलेली नसताना तो लक्ष्मणाकडून समुद्राचे पाणी आणवून विभीषणाला तेथेच राज्याभिषेक करवतो. अर्थात शरणागताला केवळ जीव राखण्याचे वचन नव्हे, तर स्वतःचे म्हणता येईल असे स्थानही मिळते, आणि जे हाती आलेले नाही त्याचेही वचन दिले जाते.

यावर एक आक्षेप रास्त आहे: रामाने विभीषणाला अयोध्येत जागा दिली नाही, लंका दिली, म्हणून निर्वासिताचे खरे समाधान स्वदेशी परतण्यातच आहे. एस. सी. चंद्रहासन यांनी १९८४मध्ये स्थापन केलेल्या आणि छावण्यांत शिक्षणाचे मोठे काम केलेल्या ‘ऑफर’ या संस्थेनेही स्वदेशी परतण्याची तयारी हेच ध्येय दीर्घकाळ मानले. ज्याची जमीन अद्याप तेथे आहे आणि ज्याला परतायचे आहे, त्याच्यासाठी हा आक्षेप निर्णायक मानावा लागेल. परंतु गुम्मिडिपूंडीत जन्मलेल्या, तेथील शाळेत शिकलेल्या आणि लंकेचा किनाराही न पाहिलेल्या माणसाची लंका कोणती, याचे उत्तर त्या आक्षेपात नाही.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. महाभारताच्या वनपर्वात शिबी राजाकडे कबुतर आश्रयाला येते तेव्हा ससाणाही फिर्याद मांडतो: हे माझे अन्न आहे, ते तू राखलेस तर माझी पिले उपाशी मरतील. आश्रय देणाऱ्या देशातील भूमिहीनाची तक्रार याच जातीची आहे, आणि ती खोटी नाही. तमिळनाडूतच घराच्या जागेचा पट्टा, म्हणजे मालकीचा सरकारी दाखला, न मिळालेली असंख्य कुटुंबे आहेत. कथा ससाण्याला दुष्ट ठरवत नाही, राजाकडून स्वतःचे मांस तोलून घेते, म्हणजे आश्रयाची किंमत दुबळ्याच्या ताटातून नव्हे तर आश्रयदात्याच्या स्वतःच्या अंगातून दिली जाते. राज्यसंस्थेने शरणागत आणि भूमिहीन यांना एकाच तुकड्यासाठी झुंजवणे हे त्या कथेच्या नेमके विरुद्ध वागणे होय.

मालमत्तेला एवढे महत्त्व का द्यावे, वैराग्य शिकवणाऱ्या धर्माने घर-जमिनीची चिंता का वाहावी, असे विचारले जाते. श्रीवैष्णव मताप्रमाणे जीव हा ईश्वराचे ‘स्व’, म्हणजे धन, आणि ईश्वर त्याचा ‘स्वामी’ असल्याने प्रपत्तीत, म्हणजे संपूर्ण शरणागतीत, मनुष्य ‘माझे’पणच ईश्वराच्या पायी ठेवतो. परंतु ठेवण्यासाठी ते आधी हाती असावे लागते. तुकोबांनी सावकारीची खते इंद्रायणीत बुडवली तेव्हा, परंपरा सांगते त्याप्रमाणे, त्यांनी धाकट्या भावाचा, कान्होबाचा, अर्धा वाटा आधी त्याला दिला आणि केवळ आपला वाटा सोडला; दुसऱ्याच्या वाट्यावर त्यांनी वैराग्य केले नाही. युद्धाने घर हिरावून घेतलेल्याला ‘सर्व मिथ्या आहे’ असे सांगणे म्हणजे त्याच्या वाट्याची खते आपण परस्पर बुडवणे होय, आणि असा उपदेश कितीही भक्तिभावाने केला तरी तो अन्यायच ठरतो.

‘माझे’ कोणाला म्हणता येते, या प्रश्नाला धर्मशास्त्राने दिलेले उत्तर आश्चर्य वाटावे इतके उदार आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर लिहिलेल्या ‘मिताक्षरा’ या टीकेत, जिच्या आधारे महाराष्ट्रातील वारसाहक्क शतकानुशतके ठरत आला, स्वत्व हे शास्त्रातून निर्माण होते की लोकव्यवहारातून, असा वाद घातलेला आहे. विज्ञानेश्वर ते लौकिक ठरवतो आणि पुरावा असा देतो की, शास्त्र ठाऊक नसलेल्या सीमेवरच्या लोकांतही खरेदी-विक्री आणि मालकी चालतेच. म्हणजे ‘माझे’ म्हणण्याची पात्रता कोणत्याही ग्रंथाच्या किंवा दफ्तराच्या कृपेने येत नाही, ती माणसांत राहण्याबरोबर येते. तीच स्मृती, मूळ मालकाच्या डोळ्यांदेखत वीस वर्षे हरकतीविना भोगलेल्या जमिनीवरील त्याचा दावा दुर्बळ करते; मात्र राजाची मालमत्ता या नियमातून वगळते. पस्तीस वर्षे राहूनही छावणीतील कुटुंबाला पट्टा का नाही, याचे कारण त्या जुन्या अपवादातच सापडावे, हे विचार करण्याजोगे आहे.

आधुनिक कायद्याने जीवित, मालमत्ता आणि सुरक्षितता या तीन गोष्टींची फाळणीच केली आहे. संविधानाचा अनुच्छेद २१ जीविताचे रक्षण प्रत्येक व्यक्तीला देतो आणि १९९६मध्ये अरुणाचलातील चकमा निर्वासितांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते परकीयांनाही लागू केले. परंतु देशात कोठेही वस्ती करण्याचे स्वातंत्र्य अनुच्छेद १९ने केवळ नागरिकाला दिले आहे. मे २०२५मध्ये एका श्रीलंकन तमिळ व्यक्तीची याचिका फेटाळताना भारत म्हणजे धर्मशाळा नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. त्या व्यक्तीला दहशतवादविरोधी कायद्याखाली शिक्षा झालेली होती, हे ध्यानात घेऊनही छावण्यांत गुन्ह्याविना राहणाऱ्या हजारो लोकांना ते वाक्य लागले असेल. २०१९च्या नागरिकत्व दुरुस्तीत श्रीलंकेचे नाव नाही, आणि १ जुलै १९८७नंतर भारतात जन्मलेल्याला आई-वडिलांपैकी कोणीच भारतीय नसल्यास जन्माने नागरिकत्व मिळत नाही. गुम्मिडिपूंडीची छावणी त्यानंतरची असल्याने तेथे जन्मलेल्या मुलांना ती सीमारेषा ओलांडताच येत नाही.

हा पेच केवळ भारताचा नाही. इंडोनेशियाच्या आचे प्रांतातील मासेमार गावांत ‘पांगलिमा लाओत’ ही समुद्रावरील रूढींचे पालन करवणारी जुनी संस्था आहे आणि संकटात सापडलेल्याला समुद्रावर टाकून जाऊ नये, ही तेथील रूढी आहे. जून २०२०मध्ये लान्चोक येथील कोळ्यांनी अधिकाऱ्यांच्या अनिच्छेला न जुमानता सुमारे शंभर रोहिंग्यांना किनाऱ्यावर ओढून आणले ते याच समजुतीने. त्याआधी २०१६मध्ये श्रीलंकन तमिळांची एक बोट याच प्रांताच्या ल्होकंगा किनाऱ्याशी अडकली तेव्हा त्यांना उतरू देण्यास सरकारने अनेक दिवस नकार दिला होता. पुढे २०२३च्या अखेरीस त्याच प्रांताच्या राजधानीत विद्यार्थ्यांच्या जमावाने रोहिंग्यांना त्यांच्या निवाऱ्यातून हुसकून काढले. इंडोनेशियाच्या १९६०च्या भूमिकायद्यानुसार जमिनीची पूर्ण मालकी व्यक्तींपैकी नागरिकांनाच मिळते. म्हणजे किनाऱ्यावर दिलेले अभय जमिनीपर्यंत पोहोचत नाही, आणि जे जमिनीपर्यंत पोहोचत नाही ते जमावाची मर्जी फिरली की टिकतही नाही.

मराठी वाचकाला याचा दुसरा शेवट आपल्याच भूमीत दिसतो. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आणलेल्या सिंधी निर्वासितांची वस्ती १९४९मध्ये उल्हासनगर झाली. तेथील भाग आजही कॅम्प क्रमांकाने ओळखले जातात, परंतु तेथील माणूस नागरिक आहे आणि त्याला मालमत्ता घेता येते. गोंदिया जिल्ह्यातील गोठणगावजवळच्या नोर्ग्येलिंग या तिबेटी वसाहतीतील लोक नागरिक नाहीत, तरीही २०१४च्या तिबेटी पुनर्वसन धोरणाने अशा वसाहतींच्या जमिनी वीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने देण्याचा मार्ग घालून दिला. ९ जानेवारी २०१५पर्यंत आलेल्या नोंदणीकृत श्रीलंकन तमिळांना बेकायदा वास्तव्याच्या शिक्षेतून केंद्र सरकारने सप्टेंबर २०२५मध्ये सूट दिली, म्हणजे त्यांचे येथे असणे आता गुन्हा उरलेले नाही. ज्या सरकारने तिबेट्यांसाठी भाडेपट्ट्याचे धोरण आखले, त्यानेच गुम्मिडिपूंडीसारख्या छावण्यांसाठीही तसेच धोरण आखावे, परतू इच्छिणाऱ्यांचा मार्ग खुला ठेवावा आणि येथेच जन्मलेल्यांना नागरिकत्वासाठी अर्ज करण्याची वाट कायद्याने करून द्यावी.