अर्ध्यावर सोडलेलं आवर्तन

गाण्याच्या क्लासात मुलं ताना पाठ करतात. परीक्षेत त्या बिनचूक आल्या की गुण मिळतात. पण त्याच मुलाला कुणी म्हटलं, "आता तुझं गा," की तो बावरतो. उपज, म्हणजे गाता गाता स्वतःला सुचणारं, शिकवता येते का, हा प्रश्न मला मिरज आणि औंध या दोन गावांपाशी घेऊन जातो.

मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विष्णू दिगंबर पलुसकर शिकले. फटाक्यानं डोळे अधू झालेला हा कुरुंदवाडचा मुलगा. बुवांचे आणखी एक शिष्य अनंत मनोहर जोशी, म्हणजे अंतूबुवा. गुरू एकच, पण वाटा किती वेगळ्या झाल्या! पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, स्वरलिपीची पुस्तकं छापली, गाणं मध्यमवर्गीय घरांत नेलं. अंतूबुवा औंध संस्थानात गवई झाले आणि मुलाला, गजाननबुवांना, घरीच तालीम देत राहिले.

पलुसकरांचं ऋण फार मोठं आहे. ते नसते तर आपल्यातल्या निम्म्या जणांच्या घरात तंबोरा आलाच नसता. मात्र स्वरलिपीत बंदिश मावते, बढत, म्हणजे रागाचा टप्प्याटप्प्यानं होणारा विस्तार, मावत नाही. ती तालमीतच मिळते. शिष्य तंबोरा घेऊन मागे बसतो, गुरूची जागा वीसदा घोटतो. मग एखाद्या दिवशी गुरू आवर्तन अर्ध्यावर सोडतो. सूचना नाही, खूण नाही. उरलेल्या मात्रांत शिष्यानं समेवर यायचं. चुकला तरी ठेका थांबत नाही. गुरू पुढची जागा घेतो आणि शिष्याला ऐकता ऐकताच उमगतं, आपण कुठे घसरलो ते. शिकवण्याचं मर्म मला या थांबण्यात दिसतं. गाणाऱ्या गुरूला गप्प बसणं सोपं नसतं.

नक्कल केली की स्वतःचा आवाज मरतो, ही भीती मला खरी वाटत नाही. अमेरिकेत १९३७ च्या उन्हाळ्यात कोवळ्या वयाच्या चार्ली पार्करनं लेस्टर यंगच्या रेकॉर्डवरचे सोलो ऐकून ऐकून सॅक्सोफोनवर जसेच्या तसे बसवले. पुढे जॅझमध्ये बीबॉप ही शैली घडवणाऱ्यांत तोच आघाडीवर होता. गजाननबुवांनी तर वडिलांची ग्वाल्हेर गायकी हाती असताना रामकृष्णबुवा वझे, आग्र्याचे विलायत हुसेन खाँ आणि जयपूरचे भूर्जी खाँ यांच्याकडेही तालीम घेतली. शिवाय व्हायोलिन होतंच. इतक्या गायक्यांची खिचडी व्हायला हवी होती. झाली नाही, याची साक्ष त्यांचे शिष्य उल्हास कशाळकर देतात. राग आणि बंदिश ज्या घराण्याची, त्या घराण्याच्या अंगानं ते गातात. तरी दोन आलापांत गाणारा कोण ते कळतं. कुठली जागा घ्यायची, कुठली सोडायची, ही निवड त्यांची स्वतःची असते.

औंधचा संगीत महोत्सव १९४० पासूनचा, अंतूबुवांनी आपल्या आध्यात्मिक गुरूंच्या, शिवानंदस्वामींच्या स्मरणार्थ सुरू केलेला. तिथे गेलात तर मुख्य गायकाइतकंच मागे तंबोऱ्यावर बसलेल्यांकडे पाहा. गुरू श्वास घ्यायला थांबतो तेव्हा त्यांचे चेहरे बदलतात.

सांगली-साताऱ्याच्या क्लासांना माझं एवढंच सांगणं आहे: आठवड्यातून एक तास वही बंद ठेवा. एकतालाचा ठेका चालू द्या, आवर्तन अर्ध्यावर सोडा आणि ते आळीपाळीनं मुलांना समेवर आणू द्या. पहिले काही महिने मुलं तुमचीच तान परत गातील. गाऊ द्या.