छंद एक, मग तंटा का?

शास्त्रपाठ : फिलिप्पैकरांस पत्र ४:१-९



बेळगाव असो, इंदूर असो, बडोदे असो की हैदराबाद, जेथे जेथे मराठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहिली तेथे त्यांनी आपल्या आवडीनिवडीही सोबत नेल्या. कोणी गाण्याला जमले, कोणी नाटकाच्या तालमीला, कोणी बुद्धिबळाच्या पटाभोवती. आपल्या मंडळ्यांतही तेच दिसते. गायनमंडळ आहे, तरुण संघाचा कॅरम आहे, नाताळच्या नाटिकेची तयारी आहे, उपासनामंदिरासमोरची फुलझाडे हौसेने राखणारी दोन-चार माणसे आहेत. या कामांना पगार नाही, सक्ती नाही. केवळ गोडी म्हणून माणसे येतात आणि आपला वेळ देतात.

म्हणूनच एका गोष्टीचे नवल वाटते. शेताच्या बांधावरून भाऊ भाऊ भांडले, तर त्याचे कारण कळते. तेथे वाटून घ्यायला काहीतरी असते. पण जेथे वाटून घ्यायला काहीच नाही, तेथे तंटा कशाचा? गीत काळी एकमध्ये म्हणायचे की पांढरी चारमध्ये, चाल संथ ठेवायची की जलद, नाटिकेत देवदूत कोणी व्हायचे, एवढ्याशा गोष्टीवरून वर्षानुवर्षे एकत्र बसणारी माणसे एकमेकांकडे पाहीनाशी होतात. प्रभुभोजनाच्या वेळी एकाच बाकावर बसतात, पण मंदिराच्या दारातून निरनिराळ्या वाटांनी घरी जातात.

असे का होते? आम्हांस वाटते, याचे पहिले कारण प्रेमच आहे. ज्या गोष्टीवर आपला जीव असतो तिच्याविषयी आपण हळवे असतो. ज्याने वीस वर्षे पेटी वाजवली त्याला कोणी "सूर उतरला" म्हटले, तर ते सुराविषयी आहे असे त्याला वाटत नाही. आपल्या वीस वर्षांनाच कोणी नावे ठेवली असे वाटते. दुसरे कारण ज्ञान. छंदातून माणसाला ज्ञान मिळते, आणि ते दुसऱ्याला द्यावेसे वाटते. येथवर ठीक आहे. पण देता देता ते अंगावरच्या दागिन्यासारखे मिरवले जाते. करिंथच्या मंडळीला प्रेषित पौलाने हाच धोका दाखवला. ज्ञानाने माणूस फुगतो आणि प्रीतीने दुसऱ्याची उभारणी होते, असा त्याच्या शिकवणीचा आशय आहे (१ करिंथ, अध्याय ८).

तंटा एकदम उभा राहत नाही. तो पायरी पायरीने चढतो. पहिल्या पायरीवर बोलणे मुद्द्याचे असते : "ही चाल अशी नाही." दुसऱ्या पायरीवर मुद्दा बाजूला राहतो आणि माणूस पुढे येतो : "तुम्हांला गाण्यातले काय कळते?" तिसऱ्या पायरीवर माणूसही पुरेसा होत नाही, पक्ष लागतो : "तुम्ही सगळे तसलेच." पहिल्या पायरीवर पाप नाही. मतभेद हे जिवंतपणाचे लक्षण आहे. दुसऱ्या पायरीवर पाऊल पडते तेथे सैतानाला दार उघडते. आणि तिसऱ्या पायरीवर गेलेल्या माणसाला पहिली पायरी आठवतही नाही. भांडण कशावरून सुरू झाले असे विचारले, तर दोघेही दोन निराळी कारणे सांगतात.

याचे एक खरे उदाहरण बुद्धिबळाच्या इतिहासात आहे. एकोणिसाव्या शतकात लंडन शहरात दोन थोर खेळाडू राहत होते. एक प्रागचा विल्हेल्म स्टाइनिट्झ, दुसरा लुब्लिनचा योहानेस झुकरटॉर्ट. दोघेही परदेशातून आलेले, दोघांचा जीव एकाच पटावर. १८७२ साली त्यांचा सामना झाला आणि स्टाइनिट्झ जिंकला. पुढे स्टाइनिट्झ 'द फील्ड' या साप्ताहिकात बुद्धिबळाचे सदर लिहू लागला, तर झुकरटॉर्टने लिओपोल्ड हॉफर याच्या जोडीने १८७९ साली 'चेस मंथली' हे मासिक काढले. झालेल्या डावांची चिकित्सा दोन्हीकडे छापून येई. अमुक खेळी बरोबर की चूक, येथून वाद सुरू झाला. पाहता पाहता खेळी मागे राहिली आणि खेळणाऱ्याची अक्कल, त्याचा प्रामाणिकपणा, त्याचा स्वभाव यांवर शाई खर्च होऊ लागली. बुद्धिबळाच्या इतिहासात या भांडणाला 'शाईचे युद्ध' असेच नाव पडले आहे. १८८२ साली स्टाइनिट्झचे सदर गेले. पुढे तो अमेरिकेत गेला आणि १८८५ साली त्याने स्वतःचे मासिक काढले.

शेवटी १८८६ साली दोघे पटावर समोरासमोर बसले. न्यूयॉर्क, सेंट लुई आणि न्यू ऑर्लिन्स या तीन शहरांत तो सामना झाला. स्टाइनिट्झने दहा डाव जिंकले, झुकरटॉर्टने पाच, आणि पाच बरोबरीत सुटले. जगज्जेतेपदाचा पहिला अधिकृत सामना म्हणून तो आज ओळखला जातो. त्या सामन्याने जगज्जेता कोण हे ठरवले. पण मने जुळवणे पटावरच्या सोंगट्यांचे काम नव्हे. दोनच वर्षांनी, १८८८ साली, झुकरटॉर्ट पंचेचाळीस वर्षांचा असताना वारला. स्टाइनिट्झ १९०० साली न्यूयॉर्कमध्ये दारिद्र्यात गेला. आज जगभरचे खेळाडू या दोघांचे डाव मांडून बसतात आणि त्यांतून शिकतात. त्यांनी एकमेकांना मारलेले टोमणे कोणी अभ्यासाला घेत नाही. जे प्रेमाने केले ते उरले. जे रागाने लिहिले ते वाया गेले, पण तेवढ्यात दोघांच्या आयुष्यातील कितीतरी दिवस घेऊन गेले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हे भांडण लिहून झाले. तोंडचा शब्द निदान विरून जातो आणि बोलताना समोरच्याचे डोळे दिसतात. लिहिलेला शब्द राहतो. दुखावलेला माणूस तो पुन्हा पुन्हा वाचतो आणि दर वेळी तो अधिक बोचतो. आज तर रात्री रागात लिहिलेला निरोप फोनवरून क्षणात पन्नास घरांत जातो. सकाळी राग ओसरला, तरी निरोप त्या पन्नास घरांत बसलेलाच असतो.

आता आपण पवित्र शास्त्राकडे वळू. फिलिप्पैची मंडळी पौलाची आवडती. नदीकाठी प्रार्थनेला जमलेल्या स्त्रियांतून ती उभी राहिली. तिच्या प्रारंभी लुदियेचे घर होते. त्या मंडळीला पौलाने बंदिवासातून पत्र लिहिले. ते सर्वांसमोर वाचले जाणार होते, आणि त्या आनंदाने भरलेल्या पत्रात शेवटच्या अध्यायात दोन बहिणींची नावे येतात : युवदीया आणि सुंतुखे. त्यांचे आपसांत पटत नव्हते.

पौल येथे काय करतो ते नीट पाहण्यासारखे आहे. पहिली गोष्ट, भांडण कशाचे होते हे तो सांगत नाही. दोन हजार वर्षे लोटली तरी आपल्याला ते ठाऊक नाही. कोणाचे बरोबर, कोणाचे चूक, याचा निवाडा तो देत नाही. दुसरी गोष्ट, तो विनंती करतो, आणि ती प्रत्येकीला वेगळी करतो. एकीचे नाव घेऊन विनंती, मग दुसरीचे नाव घेऊन पुन्हा विनंती. कोणाला कमी नाही, कोणाला अधिक नाही. तिसरी गोष्ट, तो त्यांना आठवण देतो की या दोघींनी शुभवर्तमानाच्या कामी त्याच्याबरोबर श्रम केले आहेत. भांडणापेक्षा त्यांची सेवा जुनी आहे आणि मोठी आहे. त्यांची नावे जीवनाच्या पुस्तकात आहेत. ज्या दोघींची नावे देवाने एका पुस्तकात लिहिली, त्यांनी एकमेकींची नावे मनातून खोडायची हे कसे शोभेल? आणि चौथी गोष्ट, तो एका सोबत्याला सांगतो की या दोघींना साहाय्य कर. बाजू घे असे सांगत नाही, साहाय्य कर असे सांगतो.

या सोबत्याचे काम आज फार थोडे लोक करतात. दोघांचे वाजले की बाकीच्यांतले काही मजा पाहतात, काही तेल ओततात. "तुम्ही बोललात ते बरे केलेत, कोणीतरी बोलायलाच हवे होते," असे कानात सांगणारा स्वतःला मित्र समजतो. नीतिसूत्रांच्या सव्विसाव्या अध्यायात सांगितले आहे की सरपण संपले की विस्तव विझतो आणि चहाडखोर नसला की भांडण निवते. तेव्हा भांडणाऱ्या दोघांइतकाच, सरपण पुरवणाराही देवापुढे उत्तर देईल.

प्रभु येशूने तर मार्गच आखून दिला आहे (मत्तय १८:१५-१७). भावाने अपराध केला तर प्रथम त्याच्याकडे जायचे, आणि एकट्याने जायचे. तेथे न जमले तर एक-दोन जणांना सोबत न्यायचे. मंडळीपुढे गोष्ट नेणे हे त्याच्याही नंतरचे. आपण बहुधा हा क्रम उलटा करतो. प्रथम साऱ्या मंडळीला कळते, मग एक-दोन मित्रांना, आणि ज्याच्याशी भांडण त्याच्याकडे जायचे राहूनच जाते.

कोणी म्हणेल, इतके करूनही मत जुळले नाही तर? शास्त्र या बाबतीतही प्रामाणिक आहे. पौल आणि बर्णबा यांच्यात मार्काला सोबत न्यावे की नाही यावरून इतका कडाक्याचा वाद झाला की ते वेगळे झाले. बर्णबा मार्काला घेऊन कुप्राकडे गेला, पौल सीलाला घेऊन सूरियाकडे (प्रेषितांची कृत्ये १५:३६-४१). पण गोष्ट तेथे संपली नाही. पुढे बंदिवासात असलेला तोच पौल तीमथ्याला लिहितो की मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी उपयोगी आहे (२ तीमथ्य ४:११). वाटा वेगळ्या झाल्या, पण पौलाने दार बंद केले नाही.

मंडळीच्या इतिहासातही असे घडले आहे. जॉन वेस्ली आणि जॉर्ज व्हाइटफील्ड हे ऑक्सफर्डपासूनचे स्नेही. देवाच्या पूर्वनिवडीच्या शिकवणीवरून १७३९ ते १७४१ या काळात त्यांच्यात तीव्र मतभेद झाले. प्रवचने छापली गेली, उत्तरे छापली गेली, अनुयायांत फूट पडली. मत कोणीच बदलले नाही. परंतु दोघांनी पुन्हा स्नेह जोडला. १७७० साली व्हाइटफील्ड अमेरिकेत निधन पावला तेव्हा, त्याने आधीच सांगून ठेवल्याप्रमाणे, लंडनमधील स्मरणप्रवचन वेस्लीने केले. कमी महत्त्वाच्या गोष्टींत मते निराळी राहू द्यावीत, मुख्य गोष्ट मात्र घट्ट धरावी, असा बोध त्याने त्या दिवशी केला. ज्याच्याशी आपण सर्वांत अधिक वाद घातला त्यानेच आपल्या मृत्यूनंतर आपल्याविषयी बोलावे, असा विश्वास ठेवता येईल अशा रीतीने आपण वाद घालतो काय?

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना येथे दोन शब्द वेगळे सांगावेसे वाटतात. मोठ्यांच्या तंट्यात लहानांची हानी सर्वांत अधिक होते, कारण ती दिसत नाही. नाटिकेच्या तालमीत दोन शिक्षक एकमेकांना लागेल असे बोलले, तर मुले आपापले संवाद विसरत नाहीत. पण ते बोलणेही विसरत नाहीत. गायनमंडळात नवा आलेला तरुण दोन रविवार तंटा ऐकतो आणि तिसऱ्या रविवारी येत नाही. तो तक्रार करीत नाही, कारण सांगत नाही. भांडणारे दोघे मात्र पुढच्या रविवारी आपापल्या जागी हजर असतात. आपण वाद जिंकला की हरला याचा हिशेब ठेवतो. गप्प बसून निघून गेलेल्यांचा हिशेब ठेवणारा प्रभु आहे. एक हरवलेले मेंढरू शोधायला जो नव्व्याण्णव सोडून जातो, तो आपल्याला विचारील की हे मेंढरू कोणाच्या आवाजाने बिथरले?

म्हणून या महिन्यात तीन गोष्टींचा निश्चय करू या. मुद्द्यावर बोलायचे तर मनमोकळे बोलू, पण वाक्यात "तुम्ही" आले की क्षणभर थांबू आणि पाहू की मुद्दा अजून जागेवर आहे काय. राग आला असेल तर लिहिणार नाही, भेटायला जाऊ. आणि जाण्यापूर्वी त्या व्यक्तीचे नाव घेऊन प्रार्थना करू. आणि दोघांचे बिनसलेले दिसले तर सरपण घेऊन जाणार नाही, युवदीया व सुंतुखे यांच्या त्या सोबत्यासारखे साहाय्याला जाऊ.

आपल्यांपैकी पुष्कळांच्या मनात हे वाचताना एक नाव आले असेल. पूर्वी ज्याच्याबरोबर आपण गायलो, खेळलो, खपलो, आणि आता ज्याच्याशी बोलणे नाही, असे एखादे नाव. ते नाव आज प्रभूपुढे ठेवू या. पुढचा रविवार येण्याआधी त्या घराचे दार वाजवू या.

हे शांतीच्या देवा, तू आम्हांला आवडी दिल्यास, कला दिल्यास, सोबती दिलेस. देणग्यांपायी आम्ही सोबत्यांना गमावू नये म्हणून आमच्या जिभेवर पहारा ठेव, आणि दुरावलेल्यांना तुझ्या पुत्राच्या ठायी एक कर. प्रभु येशूच्या नावाने मागतो. आमेन.